ल्यूपसच्या रुग्णाचे हृदयही तपासा

चार-पाच वर्षांपूर्वीची गोष्ट. जवळच्या खेड्यातली सव्वीस-सत्तावीस वर्षांची एक सून सासूबरोबर दवाखान्यात आली. आठ महिन्यांपूर्वी पुण्यात तिला ल्यूपसचे निदान झाले होते. औषधे चालू होती, सांध्यांची सूज उतरली होती, गालांवरचे लाल चट्टेही फिकट झाले होते. (हे चट्टे पहिल्यांदा उमटले तेव्हा वांग समजून घरच्यांनी वर्षभर मलमे लावली होती.) आता तक्रार अशी, की पाण्याची कळशी उचलली की धाप लागते आणि आडवे पडले की छातीत दुखते. पुढे वाकून बसले की बरे वाटते. हिमोग्लोबिन नऊ होते. मी लोहाच्या गोळ्या लिहून दिल्या आणि पंधरा दिवसांनी यायला सांगितले.

अकराव्या दिवशी मध्यरात्री तिला जीपमधून आणले. झोपणे अशक्य झाले होते. जिल्ह्याच्या ठिकाणी पाठवले, तिथे टू-डी इको झाला आणि हृदयाभोवती पाणी साचल्याचे दिसले. आडवे पडल्यावर दुखणे आणि पुढे वाकल्यावर आराम वाटणे हे हृदयावरणाच्या सुजेचे पाठ्यपुस्तकातले लक्षण. ते तिने मला स्वतःच्या तोंडाने सांगितले होते. मी मात्र हिमोग्लोबिनचा कागद पाहत बसलो. चूक माझीच होती.

ल्यूपस म्हणजे शरीराची संरक्षक यंत्रणा स्वतःच्याच अवयवांवर उलटणे. दहापैकी नऊ रुग्ण स्त्रिया, त्याही बहुतेक ऐन संसाराच्या वयातल्या. सांधे आणि त्वचा डोळ्यांना दिसतात. मूत्रपिंडासाठी लघवीची तपासणी करायची हे आता बहुतेक डॉक्टरांच्या अंगवळणी पडले आहे. हृदयाची आठवण मात्र रुग्ण अंथरुणाला खिळल्यावर होते. माझे स्पष्ट मत आहे, की ल्यूपसचे निदान झाल्यावर तक्रार असो वा नसो, एकदा टू-डी इको करून तो कागद फाइलला लावावा.

'काही होत नसताना खर्च कशाला?' असे नातेवाईक विचारतात, आणि खरे सांगायचे तर काही डॉक्टरही विचारतात. त्याला उत्तर आहे. हा आजार हृदयाचा कोणताही भाग सोडत नाही. आवरणाला सूज येते, स्नायू दुबळा होतो, फुप्फुसाकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीतला दाब वाढतो. झडपांचे तर विशेष आहे. न्यूयॉर्कचे लिबमन आणि सॅक्स या दोन डॉक्टरांनी 1924 साली झडपांवरच्या चामखिळीसारख्या गाठींचे वर्णन केले. त्या जंतूंमुळे झालेल्या नव्हत्या. पुढे ल्यूपसशी त्यांचे नाते उघड झाले. 1996 साली अमेरिकेत 69 ल्यूपस रुग्णांची अन्ननलिकेतून नळी घालून इको तपासणी प्रसिद्ध झाली, तेव्हा त्यांतल्या 61 टक्के रुग्णांच्या झडपांत काही ना काही दोष आढळला. अशा गाठीचा तुकडा सुटून मेंदूकडे गेला, तर तिशीतल्या बाईला पक्षाघात होऊ शकतो. आधीच्या स्थितीचा कागद हाताशी असला, की नवा दोष कोणता आणि जुना कोणता हे लगेच कळते.

तपासणी सोपी आहे. सुई नाही, क्ष-किरण नाहीत, अर्ध्या तासात काम होते. 1953 साली स्वीडनमध्ये एडलर आणि हर्ट्झ यांनी धातूतल्या भेगा शोधण्याचे ध्वनिलहरींचे यंत्र माणसाच्या छातीवर लावून पाहिले, तिथून ही विद्या सुरू झाली. चिठ्ठीवर नुसते 'टू-डी इको' असे न लिहिता 'ल्यूपसचा रुग्ण' असे आवर्जून लिहून घ्यावे. तपासणाऱ्याला ते ठाऊक असले, की तो झडपा, आवरण आणि फुप्फुसाचा दाब बारकाईने पाहतो.

आपल्या भागात आणखी एक घोटाळा होतो. मुलीचे सांधे दुखतात, झडप जाड दिसते, की संधिवाताच्या तापाचा शिक्का बसतो आणि दर तीन आठवड्यांनी पेनिसिलिनचे इंजेक्शन सुरू होते. तो आजार आपल्याकडे अजून आहे, त्यामुळे शंका येणे बरोबरच आहे. पण केस गळत असतील, उन्हात चट्टे उठत असतील, तोंडात वारंवार फोड येत असतील, लघवीतून प्रथिने जात असतील, तर एएनए ही रक्ततपासणी करायलाच हवी. हृदयाभोवतीच्या पाण्याचेही तसेच. पाणी दिसले की आपल्या मनात पहिल्यांदा क्षयरोग येतो. वर सांगितलेल्या मुलीच्या बाबतीतही तीच चर्चा झाली, आणि ती वावगी नव्हती, कारण ल्यूपसची औषधे घेणाऱ्यांना क्षयरोगही होतो. इको पाणी दाखवतो, ते कशाचे हे सांगत नाही. पुण्याची फाइल नातेवाइकांनी सोबत आणली होती म्हणून पुढच्या तपासण्या नेमक्या झाल्या. पाणी ल्यूपसचेच निघाले आणि स्टेरॉइडचा डोस वाढवल्यावर ओसरले.

इकोवर भाबडा विश्वासही ठेवू नये. छातीवरून केलेल्या इकोत झडपांवरच्या लहान गाठी निसटतात. पक्षाघात झाला असेल किंवा रक्त गोठवणाऱ्या अँटिबॉडी सापडल्या असतील, तर नळीच्या तपासणीविषयी हृदयरोगतज्ज्ञांना विचारावे. शिवाय हृदयाच्या स्वतःच्या रक्तवाहिन्यांतले अडथळे इकोत थेट दिसत नाहीत. 1997 साली अमेरिकेतल्या पिट्सबर्गच्या संशोधकांनी दाखवले, की 35 ते 44 वयाच्या ल्यूपसग्रस्त स्त्रियांत हृदयविकाराच्या झटक्याचे प्रमाण त्याच वयाच्या इतर स्त्रियांपेक्षा 50 पटींहून अधिक होते. तेव्हा रक्तदाब, साखर, कोलेस्टेरॉल पाहायलाच हवे. आणि मिश्री सोडायला हवी. मिश्री म्हणजे तंबाखूच, हे आमच्याकडे येणाऱ्या निम्म्या बायकांना मान्यच नसते.

दरवर्षी प्रत्येकीने इको करावा असे मी म्हणणार नाही. पहिला इको निर्दोष असेल आणि त्रास नसेल, तर तो पैसा औषधांना लावावा. धाप, पायावर सूज, छातीत दुखणे, हृदयात नवा आवाज यांपैकी काही आढळले, तर मात्र दिवस मोजत बसू नये. अडचण इथेच आहे. बाईच्या धापेला घरात किंमत नसते. 'काम नको म्हणून सोंग' हे वाक्य मी सासूकडून ऐकले आहे, नवऱ्याकडूनही, आणि दोन वेळा खुद्द रुग्णाकडून स्वतःविषयी.

मूल हवे असेल तर आणखी एक. 'अँटी-रो' ही अँटिबॉडी आईच्या रक्तात असेल, तर शंभरात साधारण दोघींच्या गर्भाच्या हृदयाचे ठोके मंदावण्याचा धोका असतो. त्यासाठी साधारण सोळाव्या ते सव्विसाव्या आठवड्यादरम्यान गर्भाच्या हृदयाची सोनोग्राफी करतात. दिवस राहण्याआधीच ही रक्ततपासणी करून घ्यावी. हायड्रॉक्सिक्लोरोक्विनची गोळी चालू असेल तर गरोदरपणाच्या भीतीने ती परस्पर बंद करू नये. ती गोळी गरोदरपणातही चालते.