एक तोळा प्लॅटिनम

सराफी पेढीवर प्लॅटिनमची पारख शुद्धतेवरून आणि वजनावरून होते. दागिन्यावर ९५० हा आकडा असला, म्हणजे हजार भागांत साडेनऊशे भाग शुद्ध धातू आहे, एवढे ग्राहकाला पुरते. याच धातूची आणखी एक पारख प्रयोगशाळांत चालते. तिथे मात्र कमीत कमी धातूकडून अधिकाधिक काम करून घेणारा कारागीर श्रेष्ठ ठरतो. ही पारख इंधनघटातली आहे.

इंधनघट म्हणजे हायड्रोजन आणि ऑक्सिजन यांच्या संयोगातून, ज्वलनाशिवाय, थेट वीज देणारे साधन. वेल्समध्ये जन्मलेले वकील आणि शास्त्रज्ञ विल्यम ग्रोव्ह यांनी १८३९ च्या सुमारास प्लॅटिनमच्या साहाय्याने असे प्रयोग केले. वाहनांत वापरल्या जाणाऱ्या आजच्या घटातही प्लॅटिनमचे स्थान कायम आहे. या घटाच्या मध्यभागी पातळ आम्लधर्मी पटल असते. एका बाजूला हायड्रोजनचे प्रोटॉन आणि इलेक्ट्रॉन विलग होतात. प्रोटॉन पटलातून पलीकडे जातात. इलेक्ट्रॉन बाहेरच्या तारेतून मोटार फिरवीत जातात. दुसऱ्या बाजूला दोघांची हवेतील ऑक्सिजनशी गाठ पडते आणि पाणी तयार होते.

अडचण या दुसऱ्या बाजूची आहे. ऑक्सिजनच्या रेणूतील दोन अणू एकमेकांना घट्ट बांधलेले असतात. त्यांना सोडवून पाणी करण्यासाठी चार इलेक्ट्रॉन आणि चार प्रोटॉन लागतात. या क्रियेला ऑक्सिजनचे क्षपण म्हणतात आणि ती स्वभावतः मंद आहे. हिशेबाने एका घटातून १.२३ व्होल्ट मिळायला हवेत; प्रत्यक्ष चालत्या घटात ०.६ ते ०.७ व्होल्टच हाती येतात. या तुटीचा मोठा वाटा ऑक्सिजनच्या खात्यावर पडतो. म्हणूनच घटातील बहुतांश प्लॅटिनम त्या बाजूस खर्ची पडते.

उत्प्रेरकाने ऑक्सिजनला बेताने धरावे लागते. पकड सैल असेल तर रेणू तुटत नाही. फार घट्ट असेल तर जागा मोकळी होत नाही आणि पुढचे गिऱ्हाईक दारातच तिष्ठत राहते. शुद्ध धातूंमध्ये प्लॅटिनमची पकड या मध्यबिंदूच्या सर्वांत जवळ आहे. शिवाय आम्लात ते टिकते. लोखंड किंवा निकेल तिथे विरघळून जाते. परंतु जगातील खाणींतून निघणाऱ्या प्लॅटिनमपैकी सुमारे ७० टक्के एकट्या दक्षिण आफ्रिकेतून येते. इतक्या मोजक्या ठिकाणांवर अवलंबून असलेला महाग माल वाहनागणिक लागणार असेल, तर काटकसरीवाचून तो धंदा उभा राहू शकत नाही.

या काटकसरीचे मर्म पृष्ठभागात आहे. एक ग्रॅम प्लॅटिनमचा घन ठोकळा केला, तर त्याची बाजू साडेतीन मिलिमीटरांहून किंचित अधिक भरते आणि पृष्ठभाग एक चौरस सेंटिमीटरसुद्धा होत नाही. आतले सर्व अणू तिजोरीत पडून राहिलेल्या भांडवलासारखे निष्क्रिय असतात. त्याच ग्रॅमचे तीन नॅनोमीटरचे कण केले, म्हणजे मिलिमीटरच्या दहा लाख भागांपैकी तीन भागांएवढे, तर पृष्ठभाग सुमारे ९० चौरस मीटर होतो. जवळजवळ हजार चौरस फुटांच्या सदनिकेएवढी ही जागा झाली. हे कण कार्बनच्या भुकटीवर पसरून घटात वापरतात.

१९८० च्या दशकात अमेरिकेतील लॉस अलामॉस प्रयोगशाळेने उत्प्रेरकाच्या थरातच पटलाचे द्रव्य मुरवून प्रोटॉनांची वाट सुकर केली. प्रत्येक चौरस सेंटिमीटरला लागणारे चार मिलिग्रॅम प्लॅटिनम ०.४ मिलिग्रॅमवर आले. पुढे मिश्रधातूंचा शोध सुरू झाला. निकेल किंवा कोबाल्ट मिसळल्यास प्लॅटिनमची किंचित जास्त असलेली पकड योग्य तितकी सैल होते. २००७ मध्ये आर्गोन प्रयोगशाळेतील संशोधकांनी दाखविले, की प्लॅटिनम-निकेलच्या एका विशिष्ट स्फटिक-पृष्ठावर ही क्रिया तशाच शुद्ध प्लॅटिनम-पृष्ठाच्या दहापट वेगाने होते. प्रयोगशाळेतल्या एकाच स्फटिकावरचे हे यश वाहनातील भुकटीत जसेच्या तसे उतरत नाही. परंतु दिशा निश्चित झाली. टोयोटाने २०१४ मध्ये विक्रीस आणलेल्या मिराई मोटारीत प्लॅटिनम-कोबाल्टचा उत्प्रेरक होता.

अमेरिकेच्या ऊर्जा विभागाने प्रत्येक किलोवॉटला ०.१२५ ग्रॅम मौल्यवान धातू असे लक्ष्य ठेवले होते. ८० किलोवॉटच्या मोटारीला त्या मापाने १० ग्रॅम, म्हणजे आजच्या सराफी भाषेत एक तोळा प्लॅटिनम पुरावे.

मात्र इथेच काटकसरीची कसोटी लागते. घट वारंवार सुरू-बंद झाला की लहान कण विरघळतात, मोठ्यांवर जाऊन बसतात आणि कमावलेला पृष्ठभाग घटत जातो. मिश्रणातला कोबाल्टही हळूहळू निसटतो. मोटारीला काही हजार तास पुरतात. मालट्रकसाठी लक्ष्य २५,००० तासांचे आहे. त्यामुळे अवजड वाहनांत थोडे अधिक प्लॅटिनम घालणे हेच पुष्कळदा शहाणपणाचे ठरते.

हा प्रश्न महाराष्ट्रालाही दूरचा नाही. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत ऑक्टोबर २०२० मध्ये देशी इंधनघटावरील मोटारीची चाचणी झाली आणि ऑगस्ट २०२२ मध्ये पुण्यातच देशी इंधनघटावरची बस सादर झाली. अशा वाहनाचा व्यवहार तोलताना खरेदीच्या किमतीपाशी थांबून चालणार नाही. किलोवॉटमागे किती ग्रॅम, ते किती तास टिकणार आणि घट निकामी झाल्यावर त्यातून किती परत मिळणार, हे तीनही आकडे मागावेत. उत्प्रेरक इंधनासारखा जळून जात नाही. झिजलेल्या घटातही बहुतेक धातू शिल्लक असतो. जुन्या दागिन्याची मोड हिशेबात धरणाऱ्या घरांना या तिसऱ्या आकड्याचे मोल वेगळे सांगावे लागणार नाही.