पत्री पुलाचे वय

कल्याणचा पत्री पूल १९१४ साली लोहमार्गावर उभारला गेला. बैलगाड्यांच्या काळातील या पुलाने पुढे मोटारी, बसगाड्या व मालमोटारी यांचाही भार मुकाट्याने वाहिला. १०४ वर्षांनी, ऑगस्ट २०१८ मध्ये, तो धोकादायक ठरून बंद झाला व नोव्हेंबरात पाडण्यात आला. नवा पूल खुला झाला तो २५ जानेवारी २०२१ रोजी! दरम्यान सारी रहदारी शेजारच्या पुलावर लोटली. शिळफाट्याकडून बसने येणारे विद्यार्थी व कामगार वाहनांच्या रांगेत खोळंबून राहिले. त्यांच्या वाया गेलेल्या वेळेची नोंद कोणत्या जमाखर्चात सापडणार? जुना पूल वापरात असतानाच नव्याचे काम हाती घ्यावयास हवे होते. पुलाला वार्धक्य काही एका रात्रीत येत नाही. आणि पत्री पुलाचे वय तर कोणालाही मोजता आले असते.