खातं गावाकडं, दाद पुण्यात!

खराडीत लातूर-बीडकडून आलेल्या कितीतरी जणींचं बँकखातं अजून गावच्याच शाखेत असतं. किमान शिल्लक नाही म्हणून पैसे कापले जातात आणि ‘एवढ्यासाठी गावी कोण जाणार?’ म्हणत बाई गप्प बसते. मैत्रिणींनो, असा दंड लावण्याआधी ग्राहकाला कळवून महिनाभराची मुदत द्यावी, हा रिझर्व्ह बँकेचा नियम १ एप्रिल २०१५ पासून आहे. आधी बँकेला लेखी तक्रार द्या, पोच घ्या. तीस दिवसांत दाद लागली नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे फुकट तक्रार करता येते. शिवाय २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा २० जुलै २०२० ला लागू झाला, तेव्हापासून आपण राहतो तिथल्याच जिल्हा ग्राहक आयोगात जाता येतं. रक्कम दोनशेची का असेना, आपल्या घामाची आहे. ती मागायला लाज कसली?