दुखतं कंबरेत की पायात?

पेशंट खुर्चीत टेकायच्या आधी फिल्मची पिशवी टेबलावर येते. अंधेरी असो की मुलुंड, हा क्रम आता पक्का झाला आहे. ऑफिसातल्या कुणीतरी सुचवलं, नाक्यावरच्या सेंटरमध्ये सवलत चालू होती, म्हणून एमआरआय काढून झाला. 'एल फोर-फाइव्ह डिस्क बल्ज' ही ओळ मुलाने मोबाइलवर शोधून घरात वाचून दाखवली. आता फॅमिली डॉक्टरकडून एवढंच हवं असतं की ऑपरेशन करायचं की नाही, ते सांगा.

फिल्मला हे ठरवता येत नाही, हे कळूनही बरीच वर्षं झाली. कंबरदुखी नसलेल्या ९८ जणांचे एमआरआय काढून 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये १९९४ साली एक अभ्यास छापून आला. त्यांतल्या ५२ टक्क्यांच्या निदान एका तरी पातळीवर बल्ज होता. पुढे २०१५ मध्ये कसलाही त्रास नसलेल्या तीन हजारांहून अधिक लोकांच्या तपासण्या एकत्र मांडल्या गेल्या. डिस्कची झीज विशीत ३७ टक्के, ऐंशीत ९६ टक्के. सकाळच्या बोरिवली फास्टचा एक डबा कारशेडला नेऊन सगळ्यांचा एमआरआय काढला, तर अर्धा डबा स्पाइन सर्जनच्या वेटिंग रूममध्ये बसेल.

म्हणून फिल्म बाजूला ठेवून पहिला प्रश्न विचारायचा: दुखतं कंबरेत की पायात? पेशंट बहुतेक वेळा 'दोन्हीकडे' म्हणतो. मग जास्त कुठे, हे बोटाने दाखवायला सांगावं. कुल्ल्यातून निघून पोटरीच्या बाहेरून अंगठ्यापर्यंत बोट गेलं, तर गोष्ट वेगळी. तळहात कंबरेवर आडवा फिरला, तर वेगळी. नंतर टाचांवर चार पावलं, चवड्यांवर चार पावलं, अंगठा वर ओढायला लावून आपल्या बोटाने त्याला विरोध, आणि पाय सरळ उचलून पाहणं. पाच मिनिटांचं काम आहे. उपनगरातल्या आपल्या कन्सल्टिंग रूममध्ये तपासणीचं टेबल भिंतीला चिकटलेलं असतं आणि भिंतीकडचा पाय बहुधा न तपासताच राहतो, हेही एकदा कबूल करून टेबल फूटभर पुढे ओढायला हरकत नाही.

काही पेशंटच्या बाबतीत थांबायचंच नसतं. लघवी अडली किंवा नकळत होऊ लागली, बैठकीची जागा बधिर झाली, पाऊल लुळं पडत चाललं, तर त्याच दिवशी रुग्णालय. आणि मुंबईत आणखी एक गोष्ट कायम डोक्यात हवी. रात्री जास्त दुखणारी कंबर, उतरतं वजन, संध्याकाळचा बारीक ताप म्हणजे मणक्याचा क्षय नाही ना, हे आधी पाहायचं. अशा पेशंटला महिनाभर वेदनाशामक देत राहणं हा गुन्हाच. निदान वेळेत झालं तर यांतले बरेच जण औषधांवरच बरे होतात, वाराणसीच्या डॉ. एस. एम. तुली यांनी १९७५ मध्ये मांडलेला मध्यममार्ग आपल्याच देशातला आहे.

उरलेल्यांत पायाकडे जाणारी वेदना असलेल्यांचं गणित त्यातल्या त्यात स्वच्छ आहे. नेदरलँड्समध्ये सहा ते बारा आठवडे तीव्र सायटिका असलेल्या २८३ रुग्णांचे दोन गट केले होते. एकाला लवकर शस्त्रक्रिया, दुसऱ्याला थांबून उपचार आणि गरज पडली तरच शस्त्रक्रिया. २००७ च्या निष्कर्षांनुसार लवकर शस्त्रक्रिया झालेले साधारण ४ आठवड्यांत बरे झाले, थांबलेल्यांना १२ लागले. थांबलेल्यांपैकी ३९ टक्क्यांना पुढे शस्त्रक्रिया लागलीच. वर्षअखेरीस मात्र दोन्ही गटांतले ९५ टक्के बरे होते. अशा पेशंटला शस्त्रक्रियेतून मुख्यतः वेळ मिळतो. त्या आठ आठवड्यांची किंमत काय, हे पेशंटच्या पोटापाण्यावर ठरतं. घाटकोपरच्या रिक्षावाल्याचे आठ आठवडे म्हणजे दोन महिन्यांचा घरखर्च आणि गाडीचे हप्ते. घरून काम करण्याची मुभा असलेल्या बोरिवलीच्या अकाउंटंटला तेच आठवडे कुरकुरत का होईना, काढता येतात. दोघांची फिल्म हुबेहूब सारखी असली तरी सल्ला वेगळा निघाला, तर त्यात विसंगती काही नाही.

खरी अडचण नुसत्या कंबरेची. वर्षानुवर्षं दुखते, पायात काही नाही, आणि कुणीतरी स्क्रू-रॉड टाकून मणके जोडण्याचा खर्च लिहून दिलेला आहे. या फ्यूजन शस्त्रक्रियेची तुलना स्वीडनमध्ये २००१ साली नेहमीच्या फिजिओथेरपीशी झाली, तेव्हा शस्त्रक्रिया सरस ठरली. ब्रिटनमध्ये ३४९ रुग्णांवर तीच तुलना कसून आखलेल्या पुनर्वसनाशी झाली. २००५ मध्ये निकाल आला, तेव्हा शस्त्रक्रियेचा ठळक फायदा उरला नव्हता. ब्रिटनमधलं ते पुनर्वसन सुमारे ७५ तासांचं होतं. आठवड्याचे पाच दिवस, तीन आठवडे, व्यायाम आणि त्याच्या जोडीला दुखण्याची भीती घालवणारं समुपदेशन.

आपल्याकडे 'फिजिओ करून पाहिली, फरक नाही' याचा अर्थ काय असतो? दहा सिटिंग. शेक, आयएफटीचे पॅड लावून पंधरा मिनिटं पालथं पडणं, शेवटी व्यायामाच्या चित्रांचा झेरॉक्स. पेशंट दुसऱ्या दिवशी पुन्हा लोकलच्या चौथ्या सीटवर, अर्धा बाहेर, एका कुल्ल्यावर तोल सावरत तासभर. जोडीला लंबर बेल्ट महिनोन्‌महिने, जमिनीवर झोपण्याचा सल्ला आणि प्रीगॅबलिन. २०१७ च्या चाचणीत सायटिकासाठी प्रीगॅबलिनचा उपयोग दिसला नाही. जमिनीवर झोपण्याचं म्हणाल, तर २००३ मध्ये ३१३ जणांवर झालेल्या तुलनेत फार कडक गादीपेक्षा मध्यम गादी बरी ठरली होती. तरी आपली प्रिस्क्रिप्शनं बदललेली नाहीत. आणि एवढ्यावर केसपेपरवर शेरा पडतो: कॉन्झर्व्हेटिव्ह उपचार निष्फळ. जे झालंच नाही, ते निष्फळ ठरवण्याची घाई आपल्या धंद्याला बरीच आहे, आणि सगळा दोष सर्जनच्या माथी मारून आपल्याला सुटता येणार नाही.

यात पैशाचं एक त्रांगडं आहे. फ्यूजनसाठी भरती झालं की मेडिक्लेम कॅशलेस मंजूर करतो. बाहेरून घेतलेल्या तीन महिन्यांच्या फिजिओथेरपीला बहुतेक पॉलिसींत दमडी मिळत नाही. महापालिका रुग्णालयांत ती जवळपास फुकट, पण ओपीडीची वेळ म्हणजे पेशंटच्या कामाची वेळ. विरारहून अंधेरीला कामाला येणारा माणूस सकाळी अकराला कूपरच्या रांगेत तीन आठवडे उभा राहील, अशी अपेक्षा करणारा स्वतः कधी रांगेत राहिलेला नसावा. संध्याकाळी सात ते नऊ फिजिओथेरपीचा एक विभाग राजावाडी, कूपर, भगवती इथे चालू करा, ही मागणी आपल्या संघटनांनी अजून लावून धरलेली नाही. ती धरावी.

पेशंट क्रिकेटचा दाखला देतात. श्रेयस अय्यरची पाठीची शस्त्रक्रिया एप्रिल २०२३ मध्ये लंडनला झाली आणि १५ नोव्हेंबरला त्याने वानखेडेवर विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात १०५ धावा काढल्या, मग मला का नाही? या प्रश्नावर हसू नये. मधले महिने बंगळुरूच्या अकादमीत गेले, तिथे तंदुरुस्ती हेच त्याचं दिवसभराचं काम होतं, हे सांगावं. सप्टेंबरच्या आशिया चषकात पाठ पुन्हा आखडली आणि त्याला बाहेर बसावं लागलं, हेही सांगावं. बुमराचं नाव निघालं तर त्याचं दुखणं मुळात वेगळं. हाडाला ताणाने गेलेली चीर आणि डिस्कने दबलेली नस यांची तुलना होत नाही.

सर्जनकडे पाठवताना आपल्या चिठ्ठीवर बहुधा 'बॅकेक, काइंडली डू द नीडफुल' एवढंच असतं. त्याऐवजी चार ओळी लिहाव्या. वेदना पायात की कंबरेत, किती आठवडे. अंगठ्याची आणि घोट्याची ताकद आज किती. खरोखर केलेला व्यायाम किती, कुणाच्या देखरेखीखाली. आणि पेशंटला नेमकं काय परत करायचं आहे: रिक्षा चालवणं, नातवाला उचलणं, की दादरचा पूल न थांबता चढणं. ही चौथी ओळ पेशंटकडूनच वदवून घ्यावी. फ्यूजनचा खर्च लिहून आणलेल्या पेशंटच्या तिसऱ्या ओळीत 'दहा सिटिंग' असेल, तर चिठ्ठी तूर्त आपल्याच ड्रॉवरमध्ये ठेवून पेशंटला बारा आठवड्यांनी बोलवावं.