बाळाला ऐकू येते ना?

जन्मजात बहिरेपण डोळ्यांना दिसत नाही. ऐकू न येणारे मूलही पहिले काही महिने हसते, रडते, हुंकार देते आणि घरातील मंडळी निश्चिंत राहतात. दर हजार नवजात बालकांपैकी एक ते तीन बालकांना कायमचा श्रवणदोष असतो आणि त्यांतील ९० टक्क्यांहून अधिक बालकांच्या मातापित्यांना उत्तम ऐकू येते. म्हणूनच "आमच्या घराण्यात कोणी बहिरे नाही" हे समाधान फोल आहे.

लंडनमध्ये डेव्हिड केम्प यांनी १९७८ साली दाखवून दिले की, निरोगी अंतर्कर्ण ध्वनीला सूक्ष्म प्रतिध्वनी देतो. तो टिपणारी चाचणी झोपलेल्या बाळावर काही मिनिटांत, कोणतीही वेदना न देता होते. १९९३ साली अमेरिकेच्या नॅशनल इन्स्टिट्यूट्स ऑफ हेल्थच्या तज्ज्ञ समितीने ती प्रत्येक नवजात बालकासाठी असावी, असे सुचविले. कोलोरॅडोतील संशोधकांनी १९९८ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, सहा महिन्यांच्या आत दोष कळून उपाय सुरू झालेल्या मुलांची भाषा स्पष्टपणे सरस आढळली. पहिल्या महिन्यात चाचणी, तिसऱ्यापर्यंत निदान आणि सहाव्यापर्यंत उपाय, हा आजचा दंडक आहे.

अमेरिकेत आज जवळजवळ प्रत्येक बाळाची ही चाचणी होते. माझ्या मते, खरी उणीव त्यानंतर आहे. कागदावर 'रेफर' असा शेरा आला म्हणजे बहिरेपण सिद्ध झाले असे नाही. कानातील द्रवामुळेही तसे होते. परंतु नेमका हाच आधार घेऊन दुसरी चाचणी टाळली जाते आणि तो कागद खणात पडून राहतो.

आपल्या परदेशस्थ कुटुंबांत आणखी एक सबब असते: "घरात मराठी, पाळणाघरात इंग्रजी, म्हणून बोलायला उशीर." दोन भाषांमुळे मूल मुके राहत नाही. जन्मवेळी चाचणीत उत्तीर्ण झालेल्या मुलालाही पुढे श्रवणदोष उद्भवू शकतो. म्हणून बोलणे लांबले, तर प्रथम कान तपासावेत, मराठी बंद करू नये.

दोष निघालाच, तर मातेला बोल लावू नये. ग्रहणाचा किंवा गतजन्मीच्या पापाचा येथे काडीमात्र संबंध नाही. बहुधा कारण आनुवंशिक असते आणि ते मातापिता दोघांकडून येऊ शकते. श्रवणयंत्र, कॉक्लिअर इम्प्लांट, खुणांची भाषा यांपैकी कशातही लाज नाही. लाज आहे ती मुलाची शिकण्याची वर्षे लपवाछपवीत दवडण्यात.

भारतात २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मजात बहिरेपणाचा समावेश आहे. तथापि प्रत्येक प्रसूतिगृहात ही चाचणी आपोआप होत नाही, ती मागून घ्यावी लागते. तेव्हा मायदेशातून बाळ जन्मल्याची वार्ता येईल, तेव्हा वजन आणि नाव विचारण्याबरोबरच एक प्रश्न आवर्जून विचारावा: कानांची तपासणी झाली का?