मूलपेशी-प्रत्यारोपणानंतरचा फ्लू : एका समजुतीचे खंडन

रक्ताच्या कर्करोगातून किंवा थॅलेसेमियातून मूलपेशी-प्रत्यारोपणाने सावरलेल्या रुग्णास इन्फ्लुएंझा, म्हणजे फ्लू, झाला तर तो चार दिवसांचा सर्दी-ताप समजावा, आणि ज्याची प्रतिकारशक्तीच अपुरी आहे त्याला लस टोचून उपयोग नाही, असा दुहेरी समज रुग्णांच्या कुटुंबांत रूढ आहे. भारतातले पहिले अस्थिमज्जा-प्रत्यारोपण १९८३ साली मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात झाले. आज असे रुग्ण गावोगावी परतून पुन्हा संसाराला लागत असल्यामुळे या समजाची परीक्षा करणे अगत्याचे आहे.

पूर्वपक्षात तथ्यांश आहे, हे आधी मान्य केले पाहिजे. अमेरिकेतील सिॲटल येथे १९८९ ते २००२ या काळात प्रत्यारोपण झालेल्या ४,७९७ रुग्णांपैकी केवळ ६२ जणांत फ्लूचे निदान झाले, आणि त्यांतील ४४ जणांचा संसर्ग नाक-घशापुरताच राहिला. परंतु उरलेल्या १८ जणांना न्यूमोनिया झाला आणि त्यांपैकी ५ जण तीस दिवसांच्या आत दगावले. पूर्वपक्ष पहिले दोन आकडे सांगून थांबतो. निर्णय मात्र शेवटच्या दोन आकड्यांवर व्हायला हवा.

असे का घडते, याचे कारण उपचाराच्या स्वरूपातच आहे. प्रत्यारोपणापूर्वीच्या तीव्र औषधांनी रुग्णाची अस्थिमज्जा जवळजवळ रिकामी केली जाते, आणि दात्याच्या मूलपेशी रुजल्यानंतरही विषाणूशी लढणाऱ्या लसिकापेशी पूर्ववत होण्यास अनेक महिने, कधी वर्षाहून अधिक काळ लागतो. दात्याच्या पेशी रुग्णाच्याच अवयवांना परके मानून त्यांवर हल्ला करू लागल्या, तर तो विकार आवरण्यासाठी स्टेरॉइड द्यावे लागते. त्याने प्रतिकार आणखी खचतो आणि तापही दबतो. म्हणून ताप नाही, सबब फ्लू नाही, हे अनुमान या रुग्णाच्या बाबतीत फसवे ठरते. शिवाय विषाणू त्याच्या श्वसनमार्गात आठवडेच्या आठवडे टिकू शकतो आणि तेवढ्या अवधीत औषधाला दाद न देणारे रूपही धारण करू शकतो.

लसीवरचा आक्षेपही अर्धवट आहे. प्रत्यारोपणानंतर प्रतिपिंडे, म्हणजे विषाणूला निष्प्रभ करणारी प्रथिने, कमी तयार होतात हे खरे. पण कमी म्हणजे शून्य नव्हे. अवयव आणि मूलपेशी या दोन्ही प्रकारच्या प्रत्यारोपणांतील ६१६ फ्लूग्रस्त रुग्णांच्या पाच वर्षांच्या अभ्यासात, त्या हंगामात लस घेतलेल्यांना न्यूमोनिया कमी झाला आणि पहिल्या ४८ तासांत विषाणुरोधक औषध मिळालेल्यांना अतिदक्षता विभागाची गरज कमी पडली. या अभ्यासात मूलपेशी-प्रत्यारोपणाचे रुग्ण १३९च होते, ही त्याची मर्यादा आहे; तथापि औषधाबाबत सिॲटलचा अनुभव त्याच दिशेचा आहे. तेथे नाक-घशाच्या संसर्गावर औषध न मिळालेल्या ३४ जणांपैकी ६ जणांना न्यूमोनिया झाला, तर ऑसेल्टामिवीर हे विषाणुरोधक औषध मिळालेल्या ९ जणांपैकी एकालाही झाला नाही. नऊ ही संख्या लहान आहे, पण वाट पाहण्याच्या बाजूने तेवढाही पुरावा नाही.

यावरून सिद्धान्त निघतो तो असा की, रुग्णाचा प्रतिकार अपुरा असणे हे उपाय सोडण्याचे कारण नसून ते वाढवण्याचे कारण आहे. साधारणतः प्रत्यारोपणानंतर सहा महिन्यांनी, तज्ज्ञाच्या सल्ल्याने, निष्क्रिय विषाणूची लस दरवर्षी द्यावी. नाकात फवारण्याची जिवंत विषाणूची लस मात्र टाळावी. रुग्णाच्या शरीरात जे संरक्षण पुरेसे उभे राहत नाही, ते त्याच्याभोवतीच्या निरोगी माणसांनी लस घेऊन पुरवावे. महाराष्ट्रात फ्लूचा जोर पावसाळ्यात वाढतो. तेव्हा घरातील प्रत्येकाने पावसाआधी लस घ्यावी, आणि रुग्णाला खोकला वा सर्दी दिसताच, ताप असो वा नसो, त्याच दिवशी प्रत्यारोपण-केंद्राला कळवावे. कारण फ्लूच्या चाचणीच्या निकालासाठी औषध थांबवून ठेवण्याजोगे नाही.