बावटा बोटीला, आम्हाला काय?

दोस्तांनो, या शहरात आधी मालाला सावध केलं जातं, माणसाचा नंबर नंतर. हे मी भाषणाच्या जोशात बोलत नाही, तारखा मांडून बोलतो. मुंबईच्या बंदरात बोटींना वादळाची सूचना द्यायला इंग्रजाने १८८० मध्ये सुरुवात केली. पुढं एक ते अकरा नंबरचे बावटे ठरले. दिवसा शंकू आणि पिंपं टांगायची, रात्री लाल-पांढरे दिवे. अक्षर न येणाऱ्या खलाशालाही लांबून कळावं अशी तजवीज. आणि शहरात कुठं किती पाणी भरणार हे आधी सांगणारी यंत्रणा कधी आली? १२ जून २०२० ला. नाव आयफ्लोज. मध्ये १४० वर्षं गेली. त्या १४० वर्षांत नाल्याच्या काठाला कोण राहत होतं, हे तुम्हाला सांगायला नको.

मी गोदीत कंत्राटावर हमाली करतो. तीन नंबरचा बावटा लागला की पहिल्यांदा पोत्यांवर ताडपत्री पडते. ज्यांच्या पाठीवरून पोती आली, त्यांना कंत्राटदार म्हणतो, आज काम नाही. हजेरी कापलेली. भिजत घरी जावं तर घरात गुडघाभर पाणी आणि पोरं खाटेवर. ताडपत्रीला कळलं, आम्हाला कळलं नाही.

२६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. त्याच दिवशी कुलाब्याला ७५ सुद्धा नाही. एकच शहर, एकच आभाळ. कुर्ला-कलिना बुडत असताना दक्षिण टोकाला रस्ते चालू होते. जुनी गटारं बांधलेली तासाला २५ मिलिमीटर पावसाच्या हिशोबाने, तेही ओहोटी असेल तर. भरती असली की समुद्रच गटारातून उलटा आत येतो. ही क्षमता दुप्पट करा, असं सांगणारा ब्रिमस्टोवॅड अहवाल १९९३ मध्येच तयार होता. बारा वर्षं तो फायलीत कोरडा राहिला. माणसं मेल्यावर त्याच्यावरची धूळ झटकली.

मग पर्जन्यमापक बसले, रडार आलं, पंपिंग स्टेशनं झाली. शेवटी आयफ्लोज. हवामान खात्याचा अंदाज, पर्जन्यमापकांचे आकडे, भरतीची वेळ, जमिनीचा उंच-सखलपणा, नदी-नाल्यांचा नकाशा, हे सगळं एकत्र करून कुठल्या वॉर्डात किती पाणी चढेल ते तीन दिवस आधीपर्यंत सांगायचं, असं हे काम. चेन्नईनंतर मुंबई दुसरं शहर. शास्त्रज्ञांना शिव्या घालणाऱ्यातला मी नाही. यंत्र आलं ते चांगलं झालं. माझा सवाल दुसरा आहे. यंत्र बोलतं, पण कुणाशी बोलतं? ते बोलतं नियंत्रण कक्षाशी, वॉर्ड ऑफिसशी, साहेबाच्या पडद्याशी. वॉर्ड ऑफिसपासून झोपडीपर्यंतचा शेवटचा अर्धा मैल त्याला पार करता येत नाही. जी सूचना शेवटच्या झोपडीत पोचत नाही ती सूचना नव्हेच. ती सरकारी नोंद.

ज्या वर्षी हे यंत्र आलं, त्याच वर्षी ऑगस्टमध्ये तुळशी पाइप रोडवर पाणी तुंबलं. फुलं विकणाऱ्या एका बाईने मॅनहोल उघडलं आणि कुणी आत पडू नये म्हणून तासन्‌तास पावसात उभी राहून गाड्या वळवल्या. त्या रस्त्यावरची खरी इशारा यंत्रणा तीच होती. तिला ना पगार ना खुर्ची.

आता साहेब लोक म्हणतील, लोकांना सांगितलं तरी ते जागा सोडत नाहीत. का सोडत नाहीत ते विचारा ना! रेशनकार्ड, वीजबिल, पोरांचे दाखले पत्र्याच्या पेटीत. ते भिजले तर माणूस कागदावरून पुसला जातो. आणि एकदा झोपडी सोडली की परत आल्यावर ती असेल का? तानसा जलवाहिनीलगतच्या लोकांना उचलून माहुलच्या विषारी हवेत नेऊन टाकलं. २०१९ मध्ये हायकोर्टाला सांगावं लागलं की तिथं जायची सक्ती करू नका. हे ज्याने बघितलं, तो 'धोक्याची जागा' हा शब्द ऐकला की पुराच्या आधी बुलडोझरला घाबरतो. अतिक्रमण म्हटलं की बोट आमच्याकडेच. मिठीवरून विमानाची धावपट्टी गेली, तिच्या खाडीची दलदल बुजवून बांद्रा-कुर्ला संकुल उभं राहिलं. त्याला अतिक्रमण म्हणत नाहीत, त्याला विकास म्हणतात. च्यायला, पाण्याला तरी हा फरक कळतो का?

आणि सांगितलं तर लोक उठतात. १९ ऑगस्ट २०२५ ला मिठी चढली तेव्हा कुर्ल्याच्या क्रांतीनगरमधून शेकडो लोकांना हलवलं. मिठीच्या पाण्याची पातळी मोजली जाते, म्हणून ते जमलं. गल्लीतल्या नाल्याची कोण मोजतो?

दामोदर नदीने १९४३ मध्ये बंगालमध्ये हाहाकार केला. तेव्हा व्हाइसरॉयच्या कौन्सिलात मजूर खातं बाबासाहेबांकडे होतं. १९४५ मध्ये कलकत्त्याला बैठक घेऊन त्यांनी पूर, शेतीचं पाणी आणि वीज हे एकत्र मांडलं. पूर हा मजूर खात्याचा विषय होता, हे आपण विसरलो. पूर हा आजही मजुराचा विषय आहे.

म्हणून मागण्या सरळ आहेत. प्रत्येक वस्तीत पर्जन्यमापक आणि भोंगा. गिरण्यांचे भोंगे आमच्या बापजाद्यांना मिनिटाच्या हिशोबाने कामावर बोलवत होते, मग जीव वाचवायला भोंगा का नको? पाणी चढण्याआधी उघडलेली महापालिकेची शाळा, तिथं संडास, दिवा आणि जेवण. रेड अलर्टच्या दिवशी रोजंदारीवाल्याची हजेरी भरलेली. आणि पुराचा नकाशा झोपड्या तोडायला वापरणार नाही, हे लेखी.

तोवर हात बांधून बसू नका. सरळ बाजूचा एक डबा उघड्या जागी ठेवा, आत फूटपट्टी. नाल्याच्या भिंतीवर वीत-वीत अंतराने पट्ट्या रंगवा, वरची लाल. भरतीचं वेळापत्रक वर्षभर आधी छापलेलं मिळतं, ते समाजमंदिरात चिकटवा. तासाभरात डब्यात २५ मिलिमीटर आणि वर भरती, की म्हातारी, पोरं आणि कागद उचला. कोण कुणाचं दार ठोकणार ते आजच ठरवा. सगळं तारीख-वेळेसह वहीत लिहा.

यानं महापालिका सुटत नाही. पाऊस संपला की त्याच वह्या घेऊन वॉर्ड ऑफिसवर जायचं आणि टेबलावर आपटून विचारायचं, हे आकडे आमच्याकडे होते, तुमच्याकडे का नव्हते?